वंश कोणाचा? यकृताच्या कर्करोगाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

परिभाषेची चर्चा बहुधा कोशाच्या पानावर सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ मात्र सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाबाहेरील चहाच्या टपरीवर झाला. यकृताचा कर्करोग झालेल्या एका वृद्ध शेतकऱ्याचा मुलगा तेथे बसला होता. दुसऱ्या गावाहून कोणीतरी आणून दिलेले एक मराठी पत्रक त्याच्या हाती होते. आपण शिकविण्याचे काम करतो हे कळताच त्याने ते पत्रक पुढे केले आणि विचारले, "सर, हे आमच्या खानदानात उतरते का जी? मले दोन लेकरं हायेत."

पत्रकातील वाक्य असे होते : यकृताचा कर्करोग पेशींमधील आनुवंशिक बदलांमुळे होतो. पत्रक कोणी छापले हे येथे अप्रस्तुत आहे, कारण अशा धाटणीचे वाक्य मराठीत अनेकांनी लिहिले आहे आणि लिहिणारे सर्वच सद्हेतूने लिहितात. शिवाय हे वाक्य सर्वस्वी चूक आहे असेही म्हणता येत नाही. तज्ज्ञाने ते वाचले तर त्याला त्यात वावगे काही दिसणार नाही. परंतु ज्याच्यासाठी ते लिहिले, त्या वाचकाने त्यातून जो अर्थ घेतला तो मराठी भाषेच्या दृष्टीने बिनचूक आणि वैद्यकाच्या दृष्टीने मात्र जवळजवळ विपरीत आहे. एकाच वाक्याचे असे दोन अर्थ का व्हावेत, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा या लेखाचा विषय आहे.

वर्धा परिसराला हा प्रश्न नवा नाही. शिक्षण मातृभाषेतून असावे हा विचार येथेच १९३७ च्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. डॉ. रघुवीर यांनी आपल्या संस्कृतोद्भव परिभाषेच्या निर्मितीचे मोठे कार्य शेजारच्या नागपुरात केले. ज्या भूमीत परिभाषेचा एवढा खल झाला, तेथील सामान्य वाचकापर्यंत ती कोणत्या रूपाने पोहोचते हे तपासून पाहणे आपले कर्तव्यच ठरते.

२

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला विल्यम बेटसन याने १९०५ साली 'जेनेटिक्स' हे नाव योजिले. 'जीन' हा शब्द विल्हेल्म योहानसेन याने १९०९ साली रूढ केला. म्हणजे शास्त्राचे नाव आधी आले आणि ज्या घटकाचा ते शास्त्र विचार करते त्याचे नाव मागाहून आले. त्या काळी या शास्त्राचा मुख्य विषय आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात हाच होता. त्यामुळे मराठीत त्यास 'आनुवंशिकी' म्हटले गेले ते योग्यच झाले. 'अनु', 'वंश' आणि 'इक' हा प्रत्यय यांपासून आदिवृद्धीने साधलेला 'आनुवंशिक' हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ('अनुवांशिक' हे जे रूप वारंवार छापले जाते त्यात वृद्धी चुकीच्या स्थानी झाली आहे.)

पुढे शास्त्र बदलले, पण विशेषण तेच राहिले. जनुक म्हणजे डीएनएच्या रेणूवरील एक विशिष्ट भाग हे निश्चित झाल्यावर 'जेनेटिक' या विशेषणाला 'जनुकासंबंधीचा' असा दुसरा अर्थ प्राप्त झाला. इंग्रजीत हे अर्थांतर सहज पचले, कारण वंशाने आलेले ते 'हेरिडिटरी' असा वेगळा शब्द तेथे आधीच होता. मराठीत मात्र दोहोंसाठी 'आनुवंशिक' हा एकच शब्द राबत राहिला. शब्दाच्या पोटात 'वंश' स्पष्ट ऐकू येतो, आणि ज्याला तो ऐकू येतो त्या वाचकाला दोष कसा देणार?

भाषाशास्त्रही या बाबतीत अलिप्त नाही. भाषाकुलांचे वर्गीकरण आम्ही ज्या विशेषणाने ओळखतो ते इंग्रजीत 'जेनेटिक' हेच आहे, आणि तेथे त्याचा अर्थ निखळ वंशमूलक असा आहे. शेजारच्या भाषेकडून उसनी आलेली लकब भाषेत कितीही खोल रुजली तरी आम्ही तिला वंशमूलक म्हणत नाही. वारसा आणि संपर्क यांतील हा भेद भाषाशास्त्राने काटेकोरपणे जपला आहे. यकृताच्या कर्करोगाविषयी मराठीत लिहिताना नेमका हाच भेद पुसला जातो.

३

आता वस्तुस्थिती पाहू. यकृताच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. प्रौढांमध्ये प्रामुख्याने आढळतो तो खुद्द यकृतपेशींपासून उद्भवणारा कर्करोग, आणि पुढील विवेचन त्यालाच धरून आहे. त्याची मुख्य कारणे ब आणि क प्रकारच्या काविळीच्या विषाणूंचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग, मद्य, यकृतात साठणारी चरबी व तिच्या जोडीचा मधुमेह आणि अन्नावरील बुरशीचे विष ही आहेत. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा मागोवा घेऊन १९८१ साली बीस्ली व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ब-विषाणू बाळगणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट होता. या कारणांनी यकृतपेशी वर्षानुवर्षे मरत व नव्याने निर्माण होत राहतात, आणि त्या ओघात त्यांच्या जनुकांत बदल साचत जातात.

हे बदल कोठे होतात? यकृताच्या पेशीत, संतती ज्यांपासून निर्माण होते त्या जननपेशींत नव्हे. म्हणून ते मुलांत उतरत नाहीत. ते रुग्णाच्या आयुष्यात घडतात आणि त्याच्याबरोबरच संपतात. अशा बदलांची तीन उदाहरणे भाषेच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण एका अक्षराचे. डीएनएची वर्णमाला चार अक्षरांची असून तीन अक्षरांचे एक त्रिक होते. एकूण ६४ त्रिकांपैकी ६१ त्रिके २० अमिनो आम्लांचा निर्देश करतात आणि उरलेली ३ विरामाचे काम करतात. टीपी५३ या जनुकानुसार ३९३ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. बिघडलेल्या पेशीला थोपवून धरणे हे त्याचे काम. या जनुकातील २४९ वे त्रिक 'एजीजी' असे आहे. त्यातील शेवटच्या 'जी'च्या जागी 'ए' आला तर अर्थ बदलत नाही, आर्जिनीन हेच अमिनो आम्ल येते. पण 'टी' आला तर आर्जिनीनच्या जागी सेरीन येते आणि प्रथिन निकामी होते. चीनमधील किदोंग या भागातील रुग्णांच्या १६ गाठींपैकी ८ गाठींत याच त्रिकाच्या शेवटच्या अक्षरात बदल आढळल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले, आणि दक्षिण आफ्रिका खंडातूनही त्याच वर्षी तसाच निष्कर्ष आला. या प्रदेशांतील अन्नात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोठ्या प्रमाणात असे. विषाचे नावही पाहण्याजोगे आहे : 'ॲस्परजिलस' मधील 'अ', 'फ्लेव्हस' मधील 'फ्ला' आणि पुढे विषवाचक शब्द. ओलसर जागी साठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर ही बुरशी धरते. म्हणजे या अक्षरबदलाचा उगम घराण्यात शोधायचा नसून धान्याच्या कोठारात शोधायचा आहे.

दुसरे उदाहरण शब्दाचे नव्हे, शब्दापूर्वीच्या सूचनेचे. टर्ट हे जनुक गुणसूत्रांची टोके झिजू न देणाऱ्या विकराशी संबंधित आहे. प्रौढ यकृतपेशीत ते मूक असते. यकृताच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक गाठींत या जनुकाच्या आरंभापूर्वी १२४ व्या किंवा १४६ व्या स्थानी एक अक्षर बदललेले आढळते. ही जागा जनुकाच्या प्रवर्तक भागात येते. प्रथिनाच्या रचनेत यामुळे काहीही फरक पडत नाही. मूक राहावयाचे ते जनुक बोलू लागते, एवढेच होते; आणि त्यामुळे पेशीला अमर्याद विभागण्याची मुभा मिळते.

तिसऱ्या उदाहरणात एकही अक्षर बदलावे लागत नाही. गर्भावस्थेत यकृत अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन विपुल प्रमाणात निर्माण करते. जन्मानंतर त्याचे जनुक मूक होते. आबेलेव्ह याने १९६३ साली उंदरांमध्ये आणि तातारिनोव्ह याने १९६४ साली माणसामध्ये दाखविले की यकृताच्या कर्करोगात हे प्रथिन पुन्हा रक्तात दिसू लागते. गर्भावस्थेतील लिपी पेशी जणू पुन्हा वाचू लागते. हे प्रथिन रोगाचे कारण नव्हे, खूण आहे. शिवाय ती खूण प्रत्येक रुग्णात उमटत नाही आणि गरोदरपणात किंवा यकृताच्या अन्य विकारांतही ते वाढू शकते. तथापि अक्षरे तीच राहून वाचन बदलू शकते हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

४

अक्षरे न बदलता वाचनात घडणाऱ्या आणि पेशीविभाजनानंतरही टिकणाऱ्या अशा बदलांना इंग्रजीत 'एपिजेनेटिक' म्हणतात. या शब्दाचे मूळ वॉडिंग्टन याने १९४२ साली मांडलेल्या कल्पनेत आहे. डीएनएतील सायटोसीन या अक्षरावर मेथिल गटाची खूण चढणे, म्हणजे मिथिलीकरण, हा त्यातील सर्वांत परिचित प्रकार. यकृताच्या कर्करोगात एक विलक्षण उलटापालट दिसते. एकूण डीएनएवरील खुणा विरळ होतात, परंतु आरएएसएसएफ१ए, सीडीकेएन२ए यांसारख्या पेशीवाढीला आवर घालणाऱ्या जनुकांच्या प्रवर्तक भागांवर त्या दाट चढतात आणि ती जनुके गप्प होतात.

मराठी वाचकाला हे समजावून देण्यास परका दृष्टांत नको. 'जग' ही दोन अक्षरे घ्या. तालव्य 'ज' उच्चारला तर ते विश्व होते. दंत्य 'ज' उच्चारला तर ती जगण्याची आज्ञा होते. लेखनात काना-मात्रेचाही फरक नाही. कोणते वाचन करावयाचे हे आजूबाजूच्या वाक्यावरून ठरते. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांतील डीएनए असाच, अक्षरे एक आणि वाचन निराळे.

मग या कल्पनेला मराठीत काय म्हणावे? 'बाह्यजनुकीय' हा पर्याय टिकत नाही, कारण मेथिल गट प्रत्यक्ष डीएनएच्या अक्षरावरच बसतो, त्याच्या बाहेर नव्हे. 'परजनुकीय' म्हणावे तर 'पर' म्हणजे परका, दुसऱ्याचा. शिवाय २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून 'पारजनुकीय' हा शब्द वर्ध्याच्या कापूस उत्पादकाला ठाऊक झाला आहे. एका कान्याच्या अंतरावर दोन भिन्न कल्पना ठेवणे हे घोटाळ्याला आमंत्रण होय. 'अधिजनुकीय' हा पर्याय त्यातल्या त्यात समर्पक आहे. 'अधि' मध्ये 'वर' हा अर्थ आहे, आणि 'अधिष्ठान', 'अधिकार' यांतून नियंत्रणाची छटाही येते. त्यात एक उणीव राहते. 'अधिमास', 'अधिभार' यांच्या सवयीने 'जादा जनुक' असा अर्थ कोणी घेईल. म्हणून हा शब्द स्वीकारावा, पण पहिल्या प्रयोगाबरोबर त्याचे स्पष्टीकरण देण्याची शिस्तही पाळावी.

ते स्पष्टीकरण आपल्या म्हणीतच तयार आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतील 'वाण' हा 'वर्ण' पासून आलेला, म्हणजे रंग. आजच्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र 'वाण' म्हणजे बियाण्याची जात. दोन्ही अर्थांनी म्हण येथे लागू पडते : वाण तोच राहिला, संगतीने गुण पालटला. अन्न, मद्य, विषाणू आणि दीर्घकाळची दाह-अवस्था ही यकृतपेशीची संगत होय.

५

येथवर आपण डीएनएला लिपी मानून बोललो. हा दृष्टांत भाषाशास्त्रात प्रतिष्ठा पावलेला आहे. रोमान याकोबसन याला आनुवंशिक संकेत आणि भाषा यांतील साम्य फार मोलाचे वाटे. १९६८ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर त्याची फ्रांस्वा झाकोब या जीवशास्त्रज्ञाबरोबर याच विषयावर चर्चा झाली. पुढे १९७४ साली झाकोबने स्वतंत्र लेख लिहून या साम्याची कसून तपासणी केली. यकृताच्या कर्करोगाचे उदाहरण घेतले तर हा दृष्टांत दोन ठिकाणी लंगडा पडतो, आणि परिभाषा करणाराने ती ठिकाणे ध्यानात ठेविली पाहिजेत.

पहिले असे की भाषेत अक्षर आणि वाचक वेगळे असतात. पेशीत वाचकही त्याच अक्षरांतून घडतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांची मांडणी बदलून वाचनाला वाट करून देणारी काही प्रथिने आहेत. एआरआयडी१ए व एआरआयडी२ ही त्यांची जनुके यकृताच्या कर्करोगात स्वतःच उत्परिवर्तित झालेली आढळतात. अक्षर बदलले म्हणून वाचन बदलले, असा हा प्रकार आहे. उलट दिशेनेही असेच घडते. मेथिल गट बसलेले सायटोसीन रासायनिक क्रियेने थायमीनमध्ये बदलण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे अक्षरावरची खूणच कालांतराने अक्षर पालटविते. तेव्हा जनुकीय आणि अधिजनुकीय ही दोन बंद दालने नव्हेत, त्यांमधील दार दोन्ही बाजूंनी उघडते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ढवळ्यापासून दूर बांधला तर पवळ्याचा गुण कदाचित सुटेल. पेशीचे तसे नाही. विभाजनाच्या वेळी डीएनएची प्रत होते तेव्हा मेथिल खुणांचीही प्रत होते आणि त्या कन्यापेशींत उतरतात. हे बदल रसायनशास्त्राच्या दृष्टीने परतविता येण्याजोगे आहेत हे खरे. त्याच तत्त्वावरील ॲझासिटिडीन या औषधाला रक्तनिर्मितीच्या एका विकारासाठी अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. परंतु यकृताच्या कर्करोगाच्या नित्य उपचारांत अशा औषधांना अद्याप स्थान मिळालेले नाही. 'परतविता येण्याजोगे' या शब्दांतून वाचकाने 'बरे होण्याजोगे' असा अर्थ काढू नये, ही जबाबदारीही लिहिणाराचीच.

आणि येथे आपण मूळ वाक्याशी परत येतो. अक्षरबदल असो की खूणबदल, एका यकृतपेशीतून तिच्या कन्यापेशींत, त्यांतून पुढील पेशींत तो उतरत जातो. म्हणजे 'आनुवंशिक' हा शब्द अगदीच निराधार नव्हता. वंश आहे, पण तो पेशीचा आहे, माणसाचा नव्हे. तज्ज्ञ वाचतो तो पेशीचा वंश. शेतकऱ्याचा मुलगा वाचतो ते आपले खानदान. पत्रकातील वाक्याचा दोष एवढाच की वंश कोणाचा, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही.

६

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे. एकाच घरात दोघा भावांना किंवा मायलेकरांना यकृताचा विकार झालेला पुष्कळदा दिसतो. त्यामागे काही वेळा खरोखरीच वंशाने आलेले विकार असतात. शरीरात लोह साठविणारा हिमोक्रोमॅटोसिस किंवा अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची उणीव ही त्यांची उदाहरणे होत. काही जनुकीय भेदांमुळे धोका थोडाफार वाढतो, हेही खरे. परंतु ब-विषाणू प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो आणि पुढे घरातील निकट सहवासातूनही पसरू शकतो. घराण्यात उतरल्यासारखे जे दिसते ते अशा ठिकाणी वारसा नसून संसर्ग असतो. 'आनुवंशिक' या शब्दाने ज्याला नशीब ठरविले, ते साध्या रक्ततपासणीने ओळखता येते आणि लशीने टाळता येते.

तैवानने १९८४ साली नवजात बालकांना ब-काविळीची लस देण्यास प्रारंभ केला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे दर लाखामागे ०.७० असलेले प्रमाण १९९०-९४ या काळात ०.३६ वर आले, असे १९९७ साली प्रसिद्ध झाले. भारतात ही लस शासकीय लसीकरणात २००२ साली प्रायोगिक रूपाने आणि २०११ पासून देशभर आली. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. जो बाप हा रोग रक्तातच आहे असे मानून बसला, तो आपली व आपल्या भावंडांची तपासणी करून घेण्यास कशाला जाईल? एका विशेषणाने एवढी हानी होऊ शकते.

यास्तव पुढील शिस्त सुचवावीशी वाटते. 'आनुवंशिक' हा शब्द आईबापांकडून संततीत उतरणाऱ्या गोष्टींपुरताच राखून ठेवावा. जनुकात घडलेल्या कोणत्याही बदलाला 'जनुकीय' म्हणावे, आणि तो आयुष्यात ओढवलेला असेल तेथे 'अर्जित' हे विशेषण न विसरता जोडावे. अक्षर न बदलता वाचन बदलविणाऱ्या बदलांना 'अधिजनुकीय' म्हणावे. 'उत्परिवर्तन' या शब्दातील 'उत्' मुळे उत्क्रांती, उत्कर्ष यांची आठवण होते ही अडचण आहे, पण तो शब्द आता रुळला आहे आणि त्याला हलविण्यात लाभापेक्षा हानीच अधिक. या शिस्तीने पत्रकातील वाक्य असे होईल : यकृताचा कर्करोग यकृताच्या पेशींत आयुष्यभरात साचलेल्या जनुकीय आणि अधिजनुकीय बदलांमुळे होतो, हे बदल रुग्णाकडून मुलांत उतरत नाहीत. वाक्य दुपटीहून अधिक लांब झाले. परिभाषेत लाघव हा गुण खरा, पण वाचकाच्या गैरसमजाची भरपाई लाघवाने होत नाही.

परिभाषेची कसोटी धातू-प्रत्ययांच्या शुद्धतेवर लावण्याची सवय आपल्याला जडली आहे. ती कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही. 'आनुवंशिक' हा शब्द त्या कसोटीला पूर्ण उतरला होता, आणि टपरीवर मात्र तो फसला. यापुढे शब्द निश्चित करणाऱ्या समित्यांनी तो शब्द एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला वाचावयास द्यावा आणि तो काय समजला हे विचारून घ्यावे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम क्षेत्रकार्य म्हणून हाती घेतले तर सावंगी, सेवाग्राम आणि नागपूर येथील रुग्णालयांच्या परिसरात त्यांना सामग्रीची वाण पडणार नाही.

त्या मुलाला त्या दिवशी दिलेले उत्तर असे होते : "तुमच्या वडिलांच्या यकृतात जे बदल झाले ते त्यांचे त्यांच्यापाशीच राहतात, लेकरांत उतरत नाहीत. पण तुम्ही, तुमची भावंडे आणि लेकरे, सगळ्यांनी ब-काविळीची रक्ततपासणी करून घ्या, आणि लस राहिली असेल तर ती कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा." त्याने पत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "मंग ह्याच्यात तसं काऊन लिहिलं जी?" त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आपल्या शास्त्राचे काम आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.